लेखनिकाचा हात

फेब्रुवारी लागला की महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. ‘अंध विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेसाठी लेखनिक हवा. नववीचा असावा, अक्षर सुवाच्य असावं, सर्व पेपरांना येणं जमायला हवं.’ लोक तो पुढे ढकलतात, हात जोडलेली चिन्हं टाकतात आणि विसरतात. मग वर्षात कधीतरी एखाद्या भरती परीक्षेतली भानगड बाहेर येते. लेखनिक म्हणून बसलेला माणूस उमेदवारापेक्षा दुप्पट शिकलेला निघतो आणि वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ‘लेखनिक ही पद्धतच मोडीत काढा, ही उघड कॉपी आहे.’ दुसरी म्हणते, ‘आधीच बिचाऱ्यांना दिसत नाही, त्यांचा तेवढा आधार कशाला काढता?’ दोन्ही बाजू जोरात बोलतात, आणि माझ्या मते दोन्ही एकच चूक करतात. पहिल्या बाजूला वाटतं, उत्तर लेखनिकाचं असतं. दुसरीलाही मनातल्या मनात तसंच वाटतं, फक्त ती ते माफ करायला तयार असते. परीक्षार्थी स्वतः विचार करून उत्तर देतो, हे दोघांच्याही हिशेबात नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. लेखनिक राहिला पाहिजे. ब्रेल आणि बोलका संगणक हे पर्यायही परीक्षागृहात हवेत. मात्र तिन्हींपैकी काय घ्यायचं, हे परीक्षार्थीने ठरवायचं, परीक्षा घेणाऱ्याने नाही. सरकारला लेखनिक कमी करायचा असेल तर खुशाल करावा, पण आधी बाकीचे दोन पर्याय मुलांच्या हातात पडू द्यावेत, पाचवी-सहावीपासून. आज सगळी चर्चा शेवटच्या टोकाकडून, म्हणजे परीक्षेच्या दिवसापासून सुरू होते. खरी गोची तिथेच आहे.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, यात आपल्याला एरवी कधी काही वावगं वाटलंय का? ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवली, याची नोंद खुद्द ग्रंथाच्या शेवटच्या ओव्यांत आहे. म्हणून ग्रंथ सच्चिदानंदबाबांचा झाला नाही. व्यासांच्या कथेत तर लेखनिकाशी करारच आहे. गणपती म्हणतो, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणतात, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. विदर्भातल्या माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. १९१५ साली, उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या वयात ते गेले, तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना होत्या. वाचून दाखवणारे होते, लिहून घेणारेही होते. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो, त्यांच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहितो. त्यांचे ग्रंथ लेखनिकाचे, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

जुन्या गोष्टी सोडा. मुंबईच्या जीपीओसमोर वर्षानुवर्षं पत्रलेखक बसायचे. गिरणीतला, गोदीतला माणूस त्यांच्यासमोर उकिडवा बसून घरची खुशाली सांगायचा. गावी पोचलेलं पत्र त्या माणसाचंच असायचं. आजही न्यायाधीश निकालपत्र लघुलेखकाला सांगतात, सचिव टिपणं सांगतात, मोठे साहेब तर दोन ओळींची रजेची चिठ्ठीसुद्धा सांगतात. डोळस माणसाने दुसऱ्याकडून लिहून घेतलं की ती त्याची पदवी, आणि आंधळ्याने घेतलं की त्याचं परावलंबन?

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एका मुलाचा लेखनिक झालो होतो. पुण्यगिण्य डोक्यात नव्हतं, मित्राने शब्द टाकला म्हणून गेलो. पेपर राज्यशास्त्राचा, तो तिसऱ्या वर्षाला. आम्हाला मुख्य वर्गाबाहेर, जिन्याखालच्या एका खोलीत बसवलं होतं. तिथे पंखा नव्हता आणि खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर पुनःपुन्हा किक खात होती. प्रश्न वाचून दाखवले. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, ‘आधी चौथा घे.’ मग सुरू झाला. स्वल्पविराम सांगायचा, परिच्छेद सांगायचा, कशाखाली रेघ मारायची तेही सांगायचा. मधूनच उत्तरपत्रिकेच्या कडेवरून अंगठा फिरवून किती पानं उरली याचा अंदाज घ्यायचा आणि ‘पुरवणी मागून ठेव’ म्हणायचा. अर्ध्या तासात माझं मनगट भरून आलं. त्याच्या विचाराचा वेग आणि माझ्या हाताचा वेग यांत सारखी ओढाताण चालली होती, आणि प्रत्येक वेळी थांबावं त्यालाच लागत होतं. अंध परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा देण्याचा जो नियम आहे, त्याला अनेक जण ‘सवलत’ म्हणतात. त्यांनी एकदा लेखनिक होऊन पाहावं. ती वीस मिनिटं त्या ओढाताणीतच संपतात.

मग एक वाक्य आलं. उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ साली चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, असं तो म्हणाला. दुरुस्ती बेचाळिसावी. मला ठाऊक होतं, बारावीला तोंडपाठ होतं. माझं पेन थांबलं. मी एक शब्दही बोललो नाही, पण कागदावरची खरखर थांबलेली त्याला ऐकू आली. ‘काय झालं? चुकलंय?’ मी गप्प. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, ‘चुकलं असेल तर चुकलेलंच लिही.’ मी चव्वेचाळीस लिहिलं. लेखनिकावरच्या वादात मी जेव्हा जेव्हा ‘हे सगळे लेखनिकच पेपर सोडवतात’ असं ऐकतो, तेव्हा मला ते चव्वेचाळीस आठवतं.

आता पद्धत मोडीत काढा म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. गैरप्रकार होतात. खोटं प्रमाणपत्र काढून लेखनिक घेणारे आहेत, पैसे घेऊन लेखनिक होणारे आहेत, आणि वर्गापासून दूर दिलेल्या खोलीचा फायदा उठवणारेही आहेत. हे नाकारणारे कार्यकर्ते आपल्याच बाजूचं नुकसान करतात. एका जागेसाठी हजारो मुलं रात्रंदिवस अभ्यास करतात तिथे एका तोतया लेखनिकाने जागा खाल्ली, तर चीड येणारच. आणि सगळ्यात आधी पोळतो तो प्रामाणिक अंध उमेदवार, कारण पुढच्या परीक्षेला त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं.

पण म्हणून पद्धतच बंद? डोळस उमेदवारांच्या भरतीत डमी उमेदवार बसल्याच्या बातम्या काय कमी येतात? ब्लूटूथ कानात घालून येणारे, ओळखपत्रावरचा फोटो बदलणारे, पेपर फोडणारे हे सगळे डोळसच असतात. तेव्हा आपण बोटांचे ठसे घेतो, कॅमेरे लावतो, भरारी पथकं पाठवतो, दरवर्षी कॉपीमुक्तीचं अभियान काढतो. डोळस लोकांच्या परीक्षाच बंद करा, असं कुणी सुचवत नाही. मग जिन्याखालच्या खोलीत एक कॅमेरा आणि विषय न शिकवणारा एक सजग पर्यवेक्षक ठेवणं एवढं अवघड का वाटतं? सांगणं आणि लिहिणं यांचा आवाज नोंदवून ठेवला तर उत्तर कुणाचं होतं हे कुणालाही तपासता येईल. डोळस परीक्षार्थीच्या डोक्यात काय चाललंय याचा असा पुरावा कधीच मिळत नाही. अंध परीक्षार्थीची परीक्षा खरं तर सगळ्यात पारदर्शक होऊ शकते. आपण ती अडगळीत घेतो आणि मग तिच्यावर संशय घेतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, शिक्षणासंबंधीच्या सतराव्या कलमात, लेखनिक आणि जादा वेळ यांचा उल्लेख शब्दशः आहे. तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल लागलेल्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर गैरवापराची भीती मांडली गेली होती. उमेदवाराला लिहिताना हातात पेटके यायचे आणि यूपीएससीने त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने लेखनिक द्यायला लावला, आणि गैरवापराच्या धास्तीने हक्क नाकारता येत नाही अशी भूमिका घेतली.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टीव्हीवरच्या चर्चेत येत नाही. तो अंध माणसंच घेतात, आणि आपसात फार कडवटपणे घेतात. ते म्हणतात, लेखनिकाने आमच्या पोरांची साक्षरता खाल्ली. पहिलीपासून ऐकून शिकायचं, परीक्षेला सांगून लिहायचं, आणि पदवी हातात घेऊन बाहेर पडायचं. अशा पदवीधराला एक अर्ज स्वतः लिहिता येत नाही. शुद्धलेखन तर विचारूच नका. ज्याने शब्द कधी डोळ्यांनी पाहिला नाही आणि बोटांनीही वाचला नाही, त्याला ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक कळणार कुठून? शिवाय उलटही होतं. मुलाला फरक पक्का माहीत असतो, नववीतल्या लेखनिकाला नसतो, आणि मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण मात्र मुलाचे कापले जातात. कायद्याच्या परीक्षेला बसलेल्याला कला शाखेचा बारावीतला लेखनिक मिळाला तर ‘प्राङ्न्याय’ लिहिताना दोघेही घामाघूम होतात. गणिताचं तर नावच नको. कंस कुठे बंद झाला हे सांगण्यात अर्धी परीक्षा संपते.

हा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. मान्य नाही ते त्यातून काढलेलं अनुमान. साक्षरता लेखनिकाने खाल्ली नाही, ती आपण वाढलीच नव्हती. छापील पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये आलं की त्याचे जाडजूड खंड होतात, ते वेळेवर पोचत नाहीत. गावातल्या नेहमीच्या शाळेत एखादं अंध मूल असतं आणि ब्रेल येणारा शिक्षक आठवड्यातून एकदा फिरकला तरी नशीब. ते मूल ऐकूनच शिकणार, दुसरं काय करील? वरून आता सल्ले मिळतात, ‘ब्रेल कशाला हवं, मोबाइल बोलतो की.’ मोबाइल डोळसांनाही वाचून दाखवतो. म्हणून आपल्या मुलांना मुळाक्षरं शिकवणं कुणी बंद केलेलं नाही.

ब्रेलचा इतिहास या वादातल्या दोन्ही पक्षांनी वाचावा असा आहे. पॅरिसच्या अंधशाळेत आधी उठावाची रोमन अक्षरं शिकवत. का, तर ती डोळस शिक्षकांना वाचता येत. मुलांना ती बोटांनी चाचपायला मिनिटंच्या मिनिटं लागत, आणि लिहिता तर येतच नसत. त्याच शाळेतल्या लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि १८२९ साली ती छापून मांडली. मुलं झपाट्याने लिहू-वाचू लागली. पुढे १८४०च्या सुमारास आलेल्या नव्या मुख्याध्यापकाने ती बंद केली. डोळसांना न कळणारी लिपी अंधांना समाजापासून तोडेल, असं त्याचं म्हणणं. मुलं चोरून ठिपके टोचत राहिली. काही वर्षांनी बंदी उठली, पण फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. लुई ब्रेल त्याआधी दोन वर्षं वारला होता. तो मुख्याध्यापक दुष्ट नव्हता. मुलांचं भलं कशात आहे हे त्याने मुलांना न विचारता ठरवलं, इतकंच. आपल्याकडे भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडलं, आणि ‘स्पर्शज्ञान’सारखं ब्रेलमधलं मराठी पाक्षिक निघायला २००८. उशीर कुणामुळे झाला, हे विचारायचं सोडून आपण विचारतो की या मुलांना लिहिता का येत नाही.

संगणकाचंही तेच. तो उत्तम मार्ग आहे, बहुतेक अंध तरुणांना तोच हवाही आहे. एनव्हीडीए नावाची पडदा वाचून दाखवणारी प्रणाली फुकट मिळते, ती दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभी केली आणि ती मराठीही वाचते. पण वाचते युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखंच ओळखलं जाणारं मराठी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका तिला दिली तर ‘उद्देशिका’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला ऐकू येतो. स्कॅन करून चिकटवलेलं पान असेल तर काहीच ऐकू येत नाही. आजही कितीतरी कार्यालयांचे कागद याच दोन प्रकारांत निघतात. आणि कळफलक? परीक्षेच्या दिवशी मराठी टंकलेखन शिकता येत नाही. ज्याने शाळेत संगणकाला हात लावलेला नाही त्याला परीक्षागृहात संगणक देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून ‘स्वावलंबी हो’ म्हणणं.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख असा, की परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या लेखनिकांची यादी उभारावी, उमेदवाराने आपला लेखनिक आणणं हळूहळू थांबावं, आणि तंत्रज्ञानाच्या मदतीने स्वतः लिहिण्याला प्राधान्य मिळावं. दिशा चुकीची नाही. व्हॉट्सॲपवर लेखनिक शोधत फिरण्यापेक्षा संस्थेने दिलेला प्रशिक्षित लेखनिक केव्हाही बरा. पेपरच्या आदल्या रात्री ‘ताई, मला जमणार नाही’ असा फोन आल्यावर काय होतं, हे ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच विचारा. मला भीती वाटते ती क्रमाची. आपल्याकडे काढून घेण्याचा आदेश लगेच अमलात येतो आणि देण्याचा आदेश निविदेत अडकतो. यादी तयार नाही, संगणक आलेले नाहीत, पण ‘स्वतःचा लेखनिक चालणार नाही’ एवढं वाक्य मात्र जाहिरातीत छापून आलेलं, असं घडायला कितीसा वेळ लागतो? राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. गोल काळा करण्याइतकं सोपं काम लेखनिकाला उरलेलं नाही. दोन दिवस आधी ओळख करून दिलेल्या अनोळखी माणसाला तीन तास निबंध सांगणं म्हणजे काय, हे त्या यादीचे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा करून पाहिलं तर बरं होईल.

आणि हा ‘स्वावलंबन’ शब्द. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली लागलेल्या यूपीएससीच्या निकालात ७७३व्या आल्या. रेल्वेतल्या सेवेने त्यांना दृष्टीच्या कारणावरून नाकारलं. पुढच्याच वर्षी त्या १२४व्या आल्या आणि आयएएसमध्ये गेल्या. अभ्यासाला बोलका संगणक, परीक्षेला लेखनिक. त्यांना यातलं कुठलं साधन वापरलं म्हणून कमी स्वावलंबी म्हणायचं? ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. उद्या तिथे एखादी दृष्टिहीन न्यायाधीश बसेल, आणि निकाल लघुलेखकाला सांगेल. शेजारच्या दालनातले डोळस न्यायाधीशही तेच करत असतील. एकही माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय दिवस काढत नाही. फरक इतकाच, की आपण आपली मदत निवडतो, पगार देऊन ठेवतो, नको तेव्हा परत पाठवतो. अंध माणसाची मदत मात्र दुसरं कुणीतरी ठरवतं, मंजूर करतं आणि मनात आलं की काढून घेतं.

त्या दिवशी पेपर संपल्यावर पर्यवेक्षक हजेरीचा तक्ता घेऊन आले. त्यांनी न विचारताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. ‘अंगठा घ्या याचा,’ ते मला म्हणाले, त्याला नाही. तो म्हणाला, ‘सर, मी सही करतो.’ मी माझं पेन त्याच्या हातात दिलं आणि त्याची तर्जनी रकान्याच्या कडेला टेकवून ठेवली. त्याने सावकाश, आडनावासकट सही केली. ती ओळीच्या जरा वर गेली आणि शेजारच्या रकान्यात थोडी शिरली. पर्यवेक्षकांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि पॅडचं झाकण लावलं.